अरबीत साधा प्रश्न विचारताना: प्रश्नशब्दाच्या पुढचा शब्द सांभाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरबी लिपी वाचता येते, दोन-तीनशे शब्द पाठ आहेत, ‘हे पुस्तक आहे’ छापाची वाक्यं जमतात, पण कुणाला काही विचारायची वेळ आली की गाडी अडते. ‘…का?’ विचारणारं ‘हल्’ कुठे वापरायचं, ‘काय’साठीच्या ‘मा’ आणि ‘माज़ा’ यांत फरक काय, ‘किती’ विचारताना नामाला ‘-अन्’ का लागतं, आणि पुस्तकात शिकलेला प्रश्न दुबईत किंवा कैरोत चालेल का?

अरबीतले रोजचे प्रश्नशब्द मोजून दहा-बारा. एका संध्याकाळी पाठ होतात. अडचण येते ती त्यांच्या लगेच पुढे येणाऱ्या शब्दात. ‘मा’ला पुढे नाम लागतं, ‘माज़ा’ला क्रियापद, ‘कम्’ला ‘-अन्’ लावलेलं एकवचनी नाम, ‘अय्यु’ला (कोणता) ‘-इन्’ लावलेलं नाम आणि ‘हल्’ला अख्खं विधान. त्यामुळे वहीत ‘कम् म्हणजे किती’ असं लिहून ठेवू नका. ‘कम् किताबन्’ असं जोडीनं लिहा. खालचं सगळं या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

आधी लेखनाचं सांगतो. शेवटच्या अक्षराला हलन्त नसेल तर त्यातला ‘अ’ संस्कृतसारखा पूर्ण म्हणायचा: ‘अन्त’ (तू) हे अन्-त असं वाचा. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, दिसला की अक्षर आपल्या ओळखीचं नाही असं समजा: अ़, इ़, उ़ म्हणजे घशातून येणारं ऐन, ह़ म्हणजे घसा आवळून काढलेला ‘ह’, क़ पडजिभेजवळचा, स़ आणि त़ जड. ‘माज़ा’, ‘हाज़ा’ यांतला ज़ आपल्याकडे तसाच म्हणतात. अरब माणूस तिथे जिभेचं टोक दातांमध्ये आणतो. साधा ‘ज’ मात्र ‘जीव’मधला, ‘जहाज’मधला नव्हे. मराठी विद्यार्थी ‘मौजूद्’ वाचताना हमखास घसरतो तो इथे.

आता ‘हल्’. हो-नाही उत्तराचा प्रश्न करायचा तर विधान जसंच्या तसं ठेवा आणि त्याच्या डोक्यावर ‘हल्’ ठेवा. शब्दांची उलटापालट नाही, कुठलाही प्रत्यय बदलत नाही.

‘इ़न्दक क़लम्’, तुझ्याकडे पेन आहे. ‘हल् इ़न्दक क़लम्?’, तुझ्याकडे पेन आहे का?

मराठीत ‘का’ शेवटी येतो, म्हणून नवशिक्या वाक्य बोलून मोकळा होतो आणि मग ‘हल्’ची आठवण येते. त्यावर उपाय असा की तोंड उघडतानाच ‘हल्’ म्हणायचं आणि मग विचार करायचा. दुसरी गफलत जास्त चिवट आहे. आपला ‘का’ दोन कामं करतो: ‘तू येतोस का?’ आणि ‘तू का येतोस?’ अरबीत ही दोन वेगळी दुकानं आहेत. ‘का’ शेवटी असेल तर ‘हल्’, क्रियापदाच्या आधी असेल तर ‘लिमाज़ा’. ‘येतोस काय?’ असं बोलण्याची सवय असेल तर तिथला ‘काय’ही ‘हल्’च आहे; त्याचा ‘माज़ा’ करू नका.

पुढचा शब्द ‘अल्’नं (इंग्रजीतल्या the सारखं उपपद) सुरू होत असेल तर सांधा बदलतो. दोन स्वरहीन व्यंजनं अरबीत लागोपाठ उभी राहत नाहीत, म्हणून मध्ये ‘इ’ घुसतो: ‘अल्-मुदीरु मौजूद्’, व्यवस्थापक आहेत, ‘हलि-ल्-मुदीरु मौजूद्?’, व्यवस्थापक आहेत का? हाच नियम ‘मन्’ला, म्हणजे ‘कोण’ला (‘मनि-ल्-मुदीर्?’) आणि ‘कम्’ला (‘कमि-स्-साअ़?’) लागू. ‘मिन्’ तेवढा वेगळा, तो ‘अल्’पुढे ‘अ’ घेतो: ‘मिन-ल्-हिन्द्’, भारतातून. हे चार सांधे जिभेवर बसवले की वाचन आपोआप वाहतं व्हायला लागतं.

‘आहे’ शोधत बसू नका. वर्तमानकाळात अरबी वाक्याला ‘आहे’ नाही. ‘विमानतळ कुठे आहे?’ म्हणजे फक्त ‘अय्न-ल्-मत़ार्?’ मध्ये ‘हुव’ (तो) घालण्याचा मोह होतो, तो टाळा. वाक्य चुकतंच असं नाही, पण जड होतं. भूतकाळात मात्र क्रियापद येतं: ‘अय्न कुन्त अम्स्?’, काल कुठे होतास?

‘हाज़ा’ वापरताना एक सापळा आहे. ‘हल् हाज़ा किताब्?’ म्हणजे हे पुस्तक आहे का? हा पुरा प्रश्न झाला. ‘हल् हाज़-ल्-किताब्?’ म्हणजे ‘हे पुस्तक … का?’, आणि समोरचा पुढचं ऐकायला थांबतो, कारण ‘अल्’ लागल्याबरोबर ‘हाज़ा’ नामाला चिकटलं आणि विधान उरलंच नाही. ‘हल् हाज़-ल्-किताबु जदीद्?’, हे पुस्तक नवीन आहे का, असं म्हटलं की प्रश्न पुरा होतो. मराठीत ‘अल्’सारखं काही नसल्यामुळे हा फरक कानाला जाणवत नाही, डोळ्यांनीच तपासावा लागतो.

नकारार्थी प्रश्नाला ‘हल्’ चालत नाही. तिथे ‘अ’ येतो आणि लिहिताना पुढच्या शब्दाला चिकटतो, म्हणून वाचताना तो निसटतो: ‘अ-लय्स इ़न्दक क़लम्?’, तुझ्याकडे पेन नाही का? पेन असेल तर उत्तर ‘नअ़म्’ (हो) नाही, ‘बला’. आपण ‘आहे की!’ म्हणतो, तोच हा ‘बला’. व्याकरणाप्रमाणे ‘नअ़म्’ म्हटलं तर ‘हो, नाहीये’ असा अर्थ होतो. रोजच्या बोलण्यात ही शिस्त सगळेच पाळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला उत्तर पूर्ण वाक्यात द्या: ‘बला, इ़न्दी क़लम्’ किंवा ‘ला, लय्स इ़न्दी क़लम्’. गैरसमजाला जागा राहत नाही.

‘काय’साठी दोन शब्द आहेत आणि निवड पुढचा शब्द करतो. पुढे नाम, सर्वनाम असेल तर ‘मा’: ‘मा हाज़ा?’, हे काय आहे? ‘मा मिह्नतुक?’, तुझा व्यवसाय काय? ‘मा रक़्मु हातिफिक?’, तुझा फोन नंबर काय? पुढे क्रियापद असेल तर ‘माज़ा’: ‘माज़ा तुरीदु?’, तुला काय हवंय? ‘माज़ा तफ्अ़लु?’, काय करतोस? क्रियापदाआधी नुसतं ‘मा’ ठेवलं तर घोटाळा होतो, कारण ‘मा’ नकारही दाखवतो: ‘मा ज़हब’ म्हणजे ‘तो गेला नाही’. बोलीभाषांमध्ये तर नकारासाठी ‘मा’ सर्रास. म्हणून नवशिक्यानं ‘मा + क्रियापद’ प्रश्न म्हणून वापरूच नये.

‘तुझं नाव काय?’ लिहिताना ‘मा इस्मुक’ असं लिहितात, पण म्हणायचं ‘मस्मुक’. ‘इस्म्’चा पहिला स्वर फक्त वाक्याच्या सुरुवातीला टिकतो, आधी दुसरा शब्द आला की गळतो. तो अलिफ कागदावर राहतो, तोंडात येत नाही.

विभक्तीचे शब्द मराठीत मागून चिकटतात, अरबीत पुढून: कुठून ‘मिन् अय्न’, कुठे म्हणजे कुणीकडे ‘इला अय्न’, कोणाबरोबर ‘मअ़ मन्’, कोणासाठी किंवा कोणाचं ‘लिमन्’, केवढ्याला ‘बिकम्’. मराठी माणसाला हे सोपं जातं, कारण ‘कोणाबरोबर’ आपण एका दमात म्हणतोच. फक्त क्रम उलटा. लिहिताना ‘लि’ आणि ‘बि’ जोडून एकच शब्द होतो, ‘मिन् अय्न’ आणि ‘मअ़ मन्’ सुटे राहतात. ‘मा’ अशा शब्दाच्या मागे आला की आखडतो: ‘अ़न्’ आणि ‘मा’ मिळून ‘अ़म्म’. ‘अ़म्म तस्अलु?’, कशाबद्दल विचारतोयस?

‘मन्’ म्हणजे कोण आणि ‘मिन्’ म्हणजे ‘-पासून’, ‘-ऊन’. छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर दाखवत नाहीत, त्यामुळे दोन्ही शब्द दिसायला तंतोतंत सारखे. ओळखायचं पुन्हा पुढच्या शब्दावरून. पुढे ‘अय्न’ असेल तर ‘मिन्’च: ‘मिन् अय्न अन्त?’, तू कुठला? पुढे ‘अन्त’, ‘हाज़ा’, ‘हुव’ असेल तर ‘मन्’: ‘मन् अन्त?’, तू कोण? पुढे क्रियापद असेल तरी ‘मन्’. आणि त्या क्रियापदाला पुल्लिंगी एकवचन द्या, उत्तरात बायका असोत की दहा माणसं: ‘मन् यस्कुनु हुना?’, इथे कोण राहतं?

‘कोणाचं’ दोन तऱ्हांनी विचारता येतं. ‘लिमन् हाज़-ल्-किताब्?’, हे पुस्तक कोणाचं? हा सोपा मार्ग. दुसरा ‘किताबु मन् हाज़ा?’, हे कोणाचं पुस्तक? इथे प्रश्नशब्द दुसऱ्या जागी गेला, कारण ‘पुस्तक’ आणि ‘कोण’ यांची षष्ठीची जोडी झाली आणि तिच्यात मालक नेहमी मागे. वाचताना असं दिसलं तर दचकू नका. बोलताना ‘लिमन्’वर भागतं.

‘अय्न’चं व्याकरण सोपं, वापर फसवा. अनोळखी शहरात ‘इथे बँक कुठे आहे?’ विचारायचं म्हणून विद्यार्थी ‘अय्न बन्क्?’ म्हणतो. ‘अय्न’च्या पुढे ठरलेली, दोघांना माहीत असलेली वस्तू यावी: ‘अय्न-ल्-बन्क्?’, ती बँक कुठे आहे. बँक आहे की नाही हेच माहीत नसेल तर प्रश्न ‘हल्’चा: ‘हल् हुनाक बन्क् क़रीब् मिन् हुना?’, इथे जवळ बँक आहे का? मराठीतही आपण अशा वेळी ‘आहे का’च विचारतो, तोच धागा धरा. स्वच्छतागृह, बाहेर जायचा दरवाजा, तिकीट खिडकी या गोष्टी असणारच, म्हणून तिथे थेट ‘अय्न-ल्-ह़म्माम्?’ चालतं. ‘स्’, ‘श्’, ‘त्’, ‘द्’, ‘न्’, ‘र्’ अशा अक्षरांपुढे ‘अल्’चा ल् विरघळतो हे विसरू नका: बाजार कुठे आहे हे ‘अय्न-स्-सूक़्?’ असं होतं.

आता ‘कम्’कडे. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त लाल शाई याच शब्दाखाली सांडते.

मराठीत ‘किती पुस्तकं’, अनेकवचन. त्यावरून विद्यार्थी पुस्तकाचं अनेकवचन शोधून ‘कम् कुतुब्’ लिहितो. अरबीत नाम एकवचनी, अनिश्चित आणि ‘-अन्’ लावलेलं: ‘कम् किताबन् इ़न्दक?’, तुझ्याकडे किती पुस्तकं आहेत? ‘कम् त़ालिबन् फि-स़्-स़फ्फ्?’, वर्गात किती विद्यार्थी आहेत? स्त्रीलिंगी नामही तसंच: ‘कम् सय्यारतन् इ़न्दक?’ लिहिताना ‘किताबन्’ला शेवटी अलिफ जोडायचा, ‘सय्यारतन्’ला नाही, कारण गोल ‘त’नंतर अलिफ येत नाही.

असं का? आकडे शिकलात की कोडं उलगडतं. अरबीत ११ ते ९९ या आकड्यांनंतरचं नाम एकवचनी आणि ‘-अन्’ लावलेलंच असतं: ‘इ़श्रून किताबन्’, वीस पुस्तकं. ‘कम्’ स्वतःला याच गटातला आकडा समजतो. उत्तर मात्र ३ ते १० मध्ये असेल तर नाम अनेकवचनी होतं, ‘ख़म्सतु कुतुब्’, पाच पुस्तकं. म्हणजे प्रश्नात एकवचन आणि उत्तरात अनेकवचन, हे विचित्र दिसलं तरी बरोबर आहे. दोन्हीकडे एकच रूप करायला गेलात तर एक बाजू चुकणारच.

‘मग ‘कम् उ़म्रुक?’ला ‘-अन्’ का नाही?’ हा यापुढचा प्रश्न ठरलेला. तुझं वय किती, यात मोजतोय ती वर्षं, वय नव्हे. मोजायची वस्तू ‘सनतन्’ गाळलेली आहे. पूर्ण वाक्य ‘कम् सनतन् उ़म्रुक?’ तसंच ‘कमि-स्-साअ़?’, किती वाजले? कसोटी एकच: ‘कम्’च्या पुढच्या शब्दाची गणती चालली असेल तर ‘-अन्’, नाहीतर शब्द नेहमीच्या रूपात. पाणी, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘कम् मिन्’ लावा: ‘कम् मिन-ल्-वक़्ति तह़्ताजु?’, तुला किती वेळ हवा?

किंमत विचारताना ‘बिकम्’, आणि तो पहिल्याच आठवड्यात शिका, ‘-अन्’ची भानगड नंतर बघता येते. ‘बिकम् हाज़ा?’, हे केवढ्याला? ‘बिकम् कीलू-त़्-त़मात़िम्?’, टोमॅटो कसे किलो? उत्तरातही ‘बि’ परत येतो: ‘बि-ख़म्सति दराहिम्’, पाच दिऱ्हमला; ‘बि-इ़श्रीन दिर्हमन्’, वीस दिऱ्हमला. बाजारात उत्तर कळणं हे प्रश्न विचारण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून १ ते १०० आकडे ऐकून ओळखता येईपर्यंत ‘बिकम्’चा नुसता सराव वाया जातो.

वेळेच्या उत्तरात क्रमवाचक शब्द येतात: पाच वाजले म्हणजे ‘अस्-साअ़तु-ल्-ख़ामिस’, शब्दशः पाचवी घटका. साडेपाच ‘अल्-ख़ामिसतु व-न्-निस़्फ्’. अपवाद एक वाजल्याचा: तिथे ‘पहिली’ न म्हणता ‘अल्-वाह़िद’ म्हणतात.

‘अय्यु’ म्हणजे कोणता. प्रश्नशब्दांत हा एकटाच स्वतःचं शेपूट बदलतो, आणि पुढचं नाम कायम ‘-इन्’मध्ये: ‘अय्यु किताबिन् हाज़ा?’, हे कोणतं पुस्तक? ‘फी अय्यि शारिइ़न् तस्कुनु?’, कोणत्या रस्त्यावर राहतोस? ‘अय्य लुग़तिन् तद्रुसु?’, कोणती भाषा शिकतोस? कर्ता असेल तर ‘अय्यु’, आधी ‘फी’सारखा शब्द असेल तर ‘अय्यि’, कर्म असेल तर ‘अय्य’. आपल्या ‘कितवा’ला अरबीत सोयीस्कर जोडीदार नाही, तिथेही ‘अय्यु’च कामाला येतो: ‘तू कितवीत आहेस?’ हे ‘फी अय्यि स़फ्फिन् अन्त?’, कोणत्या वर्गात आहेस, असं विचारायचं. ‘कसला’साठीही ‘कय्फ’ (कसा) नको. ‘अय्यु नौइ़न्’, कोणत्या प्रकारचा, म्हणा.

‘मता’ आणि ‘कय्फ’ फारसा त्रास देत नाहीत. ‘मता’नंतर क्रियापद आधी, कर्ता मागून: ‘मता यस़िलु-ल्-क़ित़ार्?’, गाडी केव्हा पोचते? कर्ता मागे असताना तो अनेकवचनी असला तरी क्रियापद एकवचनी राहतं: ‘अय्न यस्कुनु-त़्-त़ुल्लाब्?’, विद्यार्थी कुठे राहतात? ‘कय्फ’साठी ‘कय्फ ह़ालुक?’ आणि ‘कय्फ अज़्हबु इल-ल्-मह़त़्त़?’, स्टेशनला कसा जाऊ, एवढे दोन नमुने बरेच दिवस पुरतात.

समोर पुरुष आहे की बाई, याकडे लक्ष हवं. ‘जातोस’ आणि ‘जातेस’ हा फरक आपल्या रक्तात असल्यामुळे ‘तस्कुनु’ आणि ‘तस्कुनीन’ लवकर बसतात. घसरायला होतं ते ‘तुझं’ म्हणताना. मराठीत ‘तुझं नाव’ मुलाला-मुलीला एकच. अरबीत ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतं. पुरुषाला ‘मस्मुक’, बाईला ‘मस्मुकि’, ‘इ़न्दक’, ‘इ़न्दकि’, ‘ह़ालुक’, ‘ह़ालुकि’. शुद्ध अरबीत वाक्याच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर गाळायचा नियम आहे, पण तो इथे पाळला की दोन्ही रूपं ‘मस्मुक्’ होऊन सारखी ऐकू येतात. म्हणून शिकताना शेवटचा स्वर मुद्दाम उच्चारा.

आदरासाठी ‘तुम्ही’ म्हणून ‘अन्तुम्’ वापरण्याची आपली खोड असते. ‘अन्तुम्’ म्हणजे तुम्ही सगळे. एका वडीलधाऱ्या माणसाला ‘अय्न तस्कुनून?’ विचारलंत तर तो आजूबाजूला आणखी कोण उभं आहे ते बघेल. औपचारिक पत्रव्यवहारात एका व्यक्तीला अनेकवचन लावतात हे खरं, पण तोंडी बोलण्यात ‘अन्त’ उद्धट ठरत नाही. अदब दाखवायची ती संबोधनातून: ‘या उस्ताज़्’, किंवा विशेषतः इजिप्तमध्ये ‘ह़द़्रतक्’, आपण. आणि प्रश्नाच्या आधी ‘लौ समह़्त’, बाईला ‘लौ समह़्ति’, म्हणजे कृपा करून. नुसतं ‘अय्न-ल्-मत़ार्?’ हे मराठीत ‘ए, विमानतळ कुठे?’ इतकंच रोखठोक वाटू शकतं. आधी ‘लौ समह़्त’ लावलं की काम होतं.

मराठीत मुरलेले अरबी शब्द मदतीला येतात, पण एक-दोन दगा देतात. ‘इ़न्दी सुआल्’, मला एक प्रश्न आहे, हे ‘सवाल’मुळे विसरायलाच होत नाही. पण ‘मकान्’ म्हणजे अरबीत जागा, घरासाठी ‘बय्त्’. ‘हल् अन्त ग़रीब्?’ म्हणजे तू परका, अनोळखी आहेस का. पैसे नसलेला तो ‘फक़ीर्’.

शिक्षकासमोर किंवा भाषा-सोबत्यासमोर पहिल्या दिवसापासून लागणारे काही प्रश्न शब्दशः पाठ करा, व्याकरण नंतर कळेल. ‘मा मअ़्ना हाज़िहि-ल्-कलिम?’, या शब्दाचा अर्थ काय? ‘कय्फ नक़ूलु पाऊस बि-ल्-अ़रबिय्य?’, पाऊस याला अरबीत काय म्हणतात? ‘कय्फ तुक्तबु हाज़िहि-ल्-कलिम?’, हा शब्द कसा लिहितात? आणि ऐकू आलं नाही तर ‘मर्रतन् उख़्रा, लौ समह़्त’, पुन्हा एकदा. हे प्रश्न आले की पुढचं अरबी अरबीतूनच शिकता येतं.

सरावाची रीत अशी. एकच भरलेलं विधान घ्या आणि त्यातला एकेक तुकडा झाकून त्यावर प्रश्न करा. उदाहरणार्थ, ‘ज़हबत् मर्यमु इल-स्-सूक़ि अम्सि मअ़ उख़्तिहा’, मर्यम काल बहिणीबरोबर बाजारात गेली.

मर्यम झाका: ‘मन् ज़हब इल-स्-सूक़्?’ इथे ‘ज़हबत्’चं ‘ज़हब’ झालं, कारण ‘मन्’ला पुल्लिंगी क्रियापद. बहुतेकांच्या हातून ‘मन् ज़हबत्’ जातं. बाजार झाका: ‘इला अय्न ज़हबत् मर्यम्?’ नुसतं ‘अय्न’ पुरत नाही. विधानातला ‘इला’ प्रश्नात यायलाच हवा. काल झाका: ‘मता ज़हबत् मर्यमु इल-स्-सूक़्?’ बहीण झाका: ‘मअ़ मन् ज़हबत् मर्यम्?’ सगळी क्रिया झाका: ‘माज़ा फअ़लत् मर्यम्?’ काहीच झाकू नका: ‘हल् ज़हबत् मर्यमु इल-स्-सूक़्?’ मग ‘लिमाज़ा ज़हबत्?’ विचारा आणि उत्तर बनवा: ‘लि-तश्तरिय ख़ुब्ज़न्’, पाव विकत घ्यायला. प्रश्नातला ‘लि’ उत्तरात परत आला. ‘इला अय्न?’ला ‘इल-स्-सूक़्’, ‘मअ़ मन्?’ला ‘मअ़ उख़्तिहा’. प्रश्नाला जे लागलं ते उत्तरालाही लागतं, हे अशा झाकाझाकीतून आपोआप बसतं. रोज एक विधान, सात प्रश्न, आधी तोंडी आणि मग लेखी. लिहिताना प्रश्नचिन्ह आपल्या चिन्हाचं आरशातलं रूप असतं आणि ते वाक्याच्या डाव्या टोकाला येतं. फोनवर अरबी कळफलक निवडला की मिळतं.

राहिला दुबई-कैरोचा प्रश्न. वर दिलेलं सगळं शुद्ध, म्हणजे फुस़्ह़ा अरबी. बातम्या, पुस्तकं, सरकारी कागद आणि शिकलेल्या माणसाशी बोलणं यांसाठी ती सगळीकडे चालते. तुमचा प्रश्न समजेल. उत्तर मात्र बोलीत येईल, आणि पंचाईत तिथे आहे. रस्त्यावर ‘हल्’ जवळजवळ कुणी म्हणत नाही, विधानच सूर चढवून म्हणतात. आखाती देशांत कुठे हे ‘वेन्’, का हे ‘लेश्’, काय हे ‘शिनू’ किंवा ‘शू’, सौदीत ‘एश्’, कोण हे ‘मिनू’. ‘कसा आहेस’साठी ‘शलोनक्?’, बाईला ‘शलोनिच्?’, तिथे ‘क’चा ‘च’ होतो तो असा. ‘आहे का’साठी नुसतं ‘फी?’ क़ चा बऱ्याच ठिकाणी ‘ग’ होतो, म्हणून ‘क़ह्व’ची ‘गह्व’ ऐकू येईल. रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी घरं आखातातल्या नोकरीवर चालतात. तिकडे जायचं असेल तर ‘वेन्, लेश्, शिनू, फी’ हे चार शब्द फुस़्ह़ाच्या जोडीनं पहिल्या महिन्यातच कानावर घालून ठेवा.

कैरोत कुठे ‘फेन्’, केव्हा ‘इम्ता’, का ‘लेह्’, काय ‘एह्’, कोण ‘मीन्’, किती ‘काम्’, आणि ज चा ग: ‘मौजूद्’ऐवजी ‘मौगूद्’. मराठी माणसाला इजिप्शियन बोली एका बाबतीत फार सोपी वाटते, कारण प्रश्नशब्द तिथे सहसा पुढे येत नाही, आपल्यासारखा मागेच राहतो: ‘इस्मक् एह्?’, नाव काय? ‘इन्ता रायिह़् फेन्?’, तू चाललास कुठे? मात्र ही सवय लागली की फुस़्ह़ा लिहिताना प्रश्नशब्द शेवटी ढकलला जातो. दोन्ही एकदम शिकत असाल तर दोन वह्या करा, आणि इजिप्शियन वहीत प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं फुस़्ह़ा रूप प्रश्नशब्द पुढे आणून लिहा: ‘इस्मक् एह्’खाली ‘मस्मुक’, ‘इन्ता रायिह़् फेन्’खाली ‘इला अय्न तज़्हबु’.